‘सुप्ती’ आणि ‘ताण’ : अहमदनगर जिल्ह्यातील कोळीकिडीवरील तैलफवारणीचा इतिहास

फळझाडांच्या कीडनियंत्रणासंबंधीच्या मराठी लेखनात ‘सुप्तावस्थेतील तेलफवारणी’ असा एक शब्दप्रयोग आढळतो. तो इंग्रजीतून आलेला आहे हे उघड आहे. इंग्रजी ‘डॉर्मंट’ हा शब्द लॅटिनमधील निजणे या अर्थाच्या धातूपासून फ्रेंचमार्गे आला. मराठीत त्याच्या जागी ‘सुप्त’ हा संस्कृत शब्द योजला गेला आणि शब्दापुरते भाषांतर निर्दोष ठरले. परंतु शब्दाचे भाषांतर झाले म्हणजे त्यामागील वस्तुस्थितीचेही स्थलांतर होते असे नाही. मूळ शब्दप्रयोगातील झाड हे हिवाळ्यात पाने गाळून थंडीत निद्रिस्त झालेले सफरचंदाचे, नासपतीचे वा उद्यानातील एखादे शोभेचे झाड होय. असे झाड अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, आहे काय? नसल्यास या फवारणीचे येथे काय झाले? या दोन प्रश्नांचा विचार शेतकीच्या इतिहासात जितका आवश्यक आहे तितकाच परिभाषेच्या इतिहासातही आवश्यक आहे; कारण येथे परिभाषेतील एका शब्दावर बागाईतदाराचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून असते.

ज्या जीवावर ही फवारणी करावयाची त्याच्या नावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. कृषिलेखनात त्यास ‘लाल कोळी’ किंवा नुसते ‘कोळी’ म्हणतात. कोळी या शब्दाचे मराठीत दोन जुने अर्थ आहेत, एक जाळे विणणारा अष्टपाद प्राणी आणि दुसरा जाळे टाकून मासे धरणारा समाज. दोन्ही अर्थ मोल्सवर्थच्या कोशात नोंदलेले आहेत. इंग्रजी ‘स्पायडर माइट’ या जोडनावाचे मराठीकरण करताना उत्तरपद गळाले आणि पूर्वपद तेवढे राहिले. परिणाम असा झाला की पानावर कोळी पडला आहे असे ऐकणारा नवखा मनुष्य पानावर कोळी शोधू लागतो आणि त्याला तो दिसत नाही. हा जीव अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतो. कोळ्याप्रमाणे त्यालाही आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे. याच कारणास्तव कीटकांसाठी तयार केलेली पुष्कळ औषधे त्यावर निष्प्रभ ठरतात. लिनियसने १७५८ साली या सर्व सूक्ष्म अष्टपादांना ‘अकॅरस’ या एकाच प्रजातीत कोंबले होते. आज ज्यास टेट्रॅनिकस अर्टिसी म्हणतात त्या सर्वसंचारी जातीचे वर्णन कोखने १८३६ मध्ये केले, आणि लिंबूवर्गीय झाडांवरील, आपल्या विषयाशी अधिक निकट असलेल्या, युटेट्रॅनिकस ओरिएंटॅलिस या जातीचे वर्णन क्लाइनने १९३६ मध्ये पॅलेस्टाईनमधील नमुन्यांवरून केले. अर्थात शास्त्राने नाव देईपर्यंत हा जीव भारतात नव्हता असे मानण्याचे कारण नाही. नगर जिल्ह्याचे मुख्य पीक रब्बी ज्वारी. तिच्या पानांवर येणाऱ्या कोळ्याचे वर्णन हर्स्टने १९२३ मध्ये भारतीय नमुन्यांवरून केले व त्यास ‘इंडिकस’ हे विशेषण दिले. हा कोळी रस शोषू लागला म्हणजे ज्वारीचे पान तांबूस पडते. ज्या भाषेत पिकाच्या पानावरील तांबड्या रोगाला ‘तांबेरा’ हे समर्पक नाव पूर्वापार आहे, त्या भाषेत बुरशीने आलेली लाली आणि कोळ्याने आणलेली लाली यांत भेद करण्याची गरज भिंगावाचून भासली नसती. नावांचा असा संकर हा अज्ञानाचा पुरावा मानण्याचे कारण नाही. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढ्यावरून नाव देणे हा भाषेचा धर्मच आहे.

भारतात कोळीकिडीचा शास्त्रीय अभ्यास प्रथम झाला तो चहाच्या मळ्यांत. आसामात चहावर लाल कोळी आढळल्याची नोंद १८६८ ची आहे. कलकत्त्याच्या संग्रहालयातील जेम्स वुड-मेसन यांनी चहाच्या कोळ्यावर व ढेकणावर लिहिलेला अहवाल १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जॉर्ज वॉट आणि हॅरल्ड मॅन यांनी चहाच्या किडी व रोग यांवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९०३ मध्ये सिद्ध केली. हॅरल्ड मॅन हे नाव मराठी वाचकास दुसऱ्या संदर्भात परिचित आहे. पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक या दख्खनी खेड्यांची आर्थिक पाहणी करणारे तेच हे मॅन. दुसऱ्या पाहणीत त्यांचे सहकारी ना. वि. कानिटकर होते. मॅन १९०७ साली आसाम सोडून पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य झाले व पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले. त्यांच्या सामाजिक पाहण्यांना इतिहासलेखनात जे स्थान मिळाले ते त्यांच्या कीडविषयक ज्ञानास मिळाले नाही. परंतु दख्खनच्या शेतीकडे पाहणाऱ्या पहिल्या आधुनिक अभ्यासकांपैकी एकाने लाल कोळी प्रथम आसामच्या ओल्या हवेत पाहिला होता, ही गोष्ट दुर्लक्षणीय नव्हे. चहावर त्या काळी योजला जाणारा उपाय म्हणजे गंधक. दख्खनमध्येही कोळ्यावरचा पहिला शास्त्रीय उपाय गंधकच होता, आणि तेलाचा प्रवेश झाल्यावर या दोन औषधांचे वैर हा एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसला.

तेलाचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. १८७० नंतरच्या दशकात तेथे दिवाबत्तीचे तेल स्वस्त झाले आणि ते झाडांवरील किडींवर वापरून पाहण्यात आले. निव्वळ तेलाने कीड मरे, पण झाडही मरे. तेव्हा साबणाच्या उकळत्या पाण्यात तेल घालून ते घुसळण्याची युक्ती निघाली. चार्ल्स रायली यांच्या हाताखालील हबर्ड यांनी फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागांत ही युक्ती पक्की केली. दोन गॅलन तेल, अर्धा पौंड साबण आणि एक गॅलन पाणी हे त्यांचे प्रमाण जगभर गेले. संत्र्यावरील किडींसंबंधीचा हबर्ड यांचा अहवाल १८८५ चा आहे. या ठिकाणी शब्दांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. तेल आणि पाणी यांच्या अशा दुधट मिश्रणास इंग्रजीत जे नाव आहे ते लॅटिनमधील ‘दूध काढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आले. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत त्यास ‘पायस’ म्हटले आहे, आणि तोही शब्द ‘पयस्’ म्हणजे दूध यापासूनच आला. दोन भाषांनी स्वतंत्रपणे दुधाकडे धाव घेतली, ही गोष्ट मनोरंजक आहे. तथापि मराठी घरात पायस म्हणजे खीर; तेव्हा शेतकऱ्याला ‘तेलाचे पायस’ या शब्दातून काय बोध होणार हे उघड आहे. याउलट त्या तेलाचे जे नाव मराठीत रूढ झाले ते लोकांनी स्वतः घेतलेले आहे. ‘रॉकेल’ म्हणजे इंग्रजी ‘रॉक ऑइल’, अर्थात दगडातील तेल. ‘पेट्रोलियम’ या शब्दाचाही अर्थ तोच. ‘घासलेट’ हा त्याचा जुळा भाऊ ‘गॅसलाइट’ या शब्दापासून झाला. परिभाषाकारांच्या ‘खनिज तेला’पेक्षा रॉकेलवाल्या मराठी माणसाने मूळ अर्थ अधिक जवळून पकडला होता, मात्र नकळत.

भारतात हे ज्ञान मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या ग्रंथांतून पसरले. ते १९०३ मध्ये सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून आले. त्यांचा भारतीय पिकांच्या किडींवरील ग्रंथ १९०६ चा आणि भारतीय कीटकसृष्टीवरील ग्रंथ १९०९ चा. रॉकेल-साबण, कच्च्या तेलाचे पायस आणि माशाच्या तेलाचा राळेचा साबण या औषधांची नावे तेव्हापासून अर्धशतकभर भारतीय पाठ्यपुस्तकांत एकापाठोपाठ एक येत राहिली. परंतु रॉकेलच्या फवाऱ्याने पाने करपतात, हा दोष पहिल्यापासून माहीत असूनही त्याचे कारण बराच काळ कळले नव्हते. कॅलिफोर्नियात व्होल्क यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९२६ च्या सुमारास ग्रे व डी आँग यांनी असे दाखविले की, तेलातील असंतृप्त व सुगंधी हायड्रोकार्बने ही पान जाळणारी द्रव्ये असून गंधकाम्लाची प्रक्रिया करून ती काढून टाकता येतात. या प्रक्रियेनंतर जो अंश अबाधित राहतो त्याचे प्रमाण म्हणजेच तेलाच्या शुद्धतेचे माप. आजच्या फवारणीच्या तेलांत ते शेकडा ९२ हून अधिक असते. तेल मारते ते विषाने नव्हे, श्वास कोंडून. अंड्यावर व किडीच्या श्वासरंध्रांवर तेलाचा पातळ पापुद्रा बसतो आणि काही तासांत ती गुदमरते. यामुळेच तेलाविरुद्ध कोणत्याही कोळ्याने प्रतिकारशक्ती कमावल्याचे आढळत नाही, तर विषारी औषधांच्या बाबतीत एकट्या टेट्रॅनिकस अर्टिसीने नव्वदहून अधिक द्रव्यांना दाद न देण्याची ख्याती मिळविली आहे.

आता ‘निद्रिस्त’ झाडाचा प्रश्न. समशीतोष्ण प्रदेशांत जड तेलाचे ३ ते ४ टक्के पायस हिवाळ्याच्या अखेरीस, कळ्या फुगण्यापूर्वी फवारतात. त्यामागे चार गोष्टी गृहीत आहेत. झाडावर पान नसते, म्हणून करपण्याची भीती नसते. झाड तहानलेले नसते. जमिनीत बर्फाचे वा पावसाचे पाणी मुरलेले असते. हवा थंड असते. आणि चौथी गोष्ट, जी सर्वांत महत्त्वाची असूनही पुस्तकांत बहुधा अनुक्त राहते, ती अशी की शत्रू झाडाच्या सालीवर बसलेला असतो. सफरचंदावरील पॅनोनिकस उल्मी हा लाल कोळी हिवाळ्यात अंडीरूपानेच उरतो, आणि ती अंडी तो फांद्यांच्या सालीवर, कळ्यांच्या बुडाशी घालतो. पान नसलेल्या झाडावर तेल मारले की सबंध पुढील पिढी एका दिवसात गुदमरते. त्याच प्रदेशांतील टेट्रॅनिकस अर्टिसी मात्र गर्भवती मादीच्या रूपाने सालीच्या फटींत, पाचोळ्यात व मातीत दडून बसतो. त्याच्यावर हिवाळी तेलाचा प्रभाव बेताचाच पडतो. म्हणजे तेलाचे यश तेलावर नव्हे, तर कोळ्याच्या हिवाळी निवासावर अवलंबून आहे. उद्यानांतील शोभेच्या झाडांवरही हीच गोष्ट दिसून आली. तेथे आणखी काही नाजूक प्रकरणे निघाली. मॅपल, बीच यांसारखी झाडे तेल सहन करीत नाहीत, आणि निळसर स्प्रूसच्या सूचिपर्णांवरील निळा लेप तेलाने धुऊन जातो. झाड जगते, पण ज्या रंगासाठी ते लावले तो रंगच जातो. भारतात या पद्धतीचे खरे माहेर काश्मीर व हिमाचल प्रदेश हे होय. तेथील सफरचंदाच्या बागांत सान होझे खवल्यावर व लाल कोळ्यावर वसंतारंभी तेलाची फवारणी हा वार्षिक क्रमच आहे. अखिल भारतीय स्वरूपाच्या शिफारशी लिहिल्या जातात तेव्हा हा अनुभव त्यांत साहजिकच शिरतो व नंतर मराठीत उतरतो.

अहमदनगरच्या मातीत बागेची परंपरा जुनी आहे. किंबहुना हे शहर बागेतूनच निघाले. १४९० मध्ये अहमद निजामशहाने बहमनी सैन्याचा पराभव केला, त्या जागी त्याने बाग निजाम हा बाग उठविला; पुढे तेथेच भुईकोट किल्ला झाला. भिस्तबाग, फराहबाग ही नावे आजही आहेत. फराहबागेचे काम १५८३ च्या सुमारास सलाबतखानाच्या देखरेखीखाली पुरे झाले. या बागांना डोंगरपायथ्यापासून नळांनी पाणी आणलेले होते, आणि १८८४ च्या मुंबई गॅझेटियरच्या नगरविषयक खंडात त्या नळांचे वर्णन सविस्तर दिलेले आहे. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असलेल्या पंडित नेहरूंनी जुन्या बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेल्या मातीत फुलझाडे लावली होती. या सर्व कथेतील समान सूत्र पाणी हे आहे. वर्षाकाठी सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटर पावसाच्या आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या घरात नेणाऱ्या या मुलखात झाडाला विश्रांती मिळते ती थंडीमुळे नव्हे, पाण्याच्या अभावामुळे.

विसाव्या शतकात पाण्याचे चित्र पालटले. दारणा धरणाच्या पाण्यावरील गोदावरीचे कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावरील प्रवरेचे कालवे यांनी कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्याचा कायापालट केला. सासवडकडील माळी बागाईतदार येथे आले, ऊस आला, साखर कारखाने आले, आणि उसाबरोबर मोसंबी आली. मोसंबीच्या बागांचा हा इतिहास सुखाचा नाही. झाडे लावावीत, दहा-बारा वर्षे भरघोस फळ घ्यावे आणि मग फांद्या शेंड्याकडून वाळू लागाव्यात, असा अनुभव येऊ लागला. ग. स. चीमा व स. स. भट यांचे या ‘शेंडेमर’ रोगाचा जमिनीशी असलेला संबंध दाखविणारे पत्रक मुंबई शेतकी खात्याने १९२८ मध्ये काढले. चुनखडी व निचऱ्याचा अभाव हे त्यांच्या विवेचनाचे केंद्र होते. पुढे १९५८ मध्ये वासुदेव व कपूर यांनी मुंबई राज्यातील या ऱ्हासामागे ट्रिस्टेझा हा विषाणुरोगही असल्याचे दाखविले. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या काळात श्रीरामपूर येथील लिंबूवर्गीय संशोधनाने खुंट, जमीन व रोग या तिन्ही अंगांनी हा प्रश्न हाताळला. सांगावयाचे ते एवढेच की, मोसंबीचे पिवळे पडलेले झाड पाहून त्याचे कारण सांगणे येथे कधीच सोपे नव्हते. जमीन, विषाणू, पाणी आणि कोळी हे चारही साक्षीदार एकाच वेळी एकच जबानी देतात.

याच ठिकाणी ‘ताण’ हा शब्द येतो. दख्खनमधील मोसंबी वर्षभर थोडीथोडी फुलत राहते. बाजाराच्या दृष्टीने हे निरुपयोगी. म्हणून झाडाचे पाणी तोडून त्याची वाढ थांबवावयाची आणि मग पाणी देऊन सर्व फुले एकदम फोडावयाची, ही येथील बागाईतदारांची जुनी कला. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत दोन महिने वा अधिक पाणी तोडतात. पूर्वी मुळ्याही उघड्या करीत असत. पाने मलूल होऊन पिवळी पडली व सुमारे पाव हिस्सा गळली म्हणजे ताण पुरेसा बसला असे समजतात. मग खते देऊन पहिले पाणी हलके द्यावयाचे. याला ‘बाग धरणे’ म्हणतात. ज्या फुलोऱ्यासाठी हे करावयाचे त्यास ‘बहार’ म्हणतात. हा फारसी शब्द, त्याचा अर्थ वसंत. परंतु मराठी बागाईतदाराने वसंताचे तीन भाग पाडले. जानेवारी-फेब्रुवारीतील आंबे बहार, जून-जुलैतील मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील हस्त बहार. एका नावात आंब्याचा मोहोर, उरलेल्या दोहोंत पावसाची नक्षत्रे. ज्या देशात वसंत माणसाच्या मर्जीने वर्षातून तीनदा येऊ शकतो, तेथे निद्रेचेही तीन ऋतू असणार हे ओघानेच आले. इराणी वसंताला मृगाचे नक्षत्र जोडून देणारी ही शब्दजोडणी कोणा परिभाषामंडळाने केलेली नाही, आणि तिच्याइतकी काटेकोर संज्ञा एखाद्या परिभाषामंडळाला सुचली असती असेही वाटत नाही.

‘सुप्तावस्था’ हा शब्द मराठीत आला तेव्हा तो या ‘ताणा’वर जाऊन बसणे अगदी स्वाभाविक होते. दोहोंतही वाढ थांबलेली, दोहोंतही पाने गळलेली, दोहोंनंतर फुलोरा. पण वर सांगितलेल्या चार गृहीतांची कसोटी लावून पाहिली म्हणजे साम्य किती वरवरचे आहे ते ध्यानात येते. ताणावरील मोसंबीची तीन-चतुर्थांश पाने झाडावरच असतात. झाड तहानलेले असते. नव्हे, तहान हेच त्याच्या निद्रेचे कारण असते. आणि फवारणीच्या तेलाबद्दलचा जो नियम सर्वत्र सांगितला जातो तो असा की पाण्याची टंचाई सोसत असलेल्या झाडावर तेल मारू नये, कारण अशा पानाचा बाष्पोत्सर्ग व श्वसन आधीच खुंटलेले असते आणि तेलाच्या पापुद्र्याने ते अधिकच रोखले जाऊन पान करपते व गळते. मृग बहाराचा ताण एप्रिल-मे महिन्यांत पडतो, म्हणजे उष्णतेच्या बाबतीतही निषेध लागू होतो. तेलाची फवारणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर करू नये असे मानतात. आंबे बहाराच्या ताणात, डिसेंबरात, हवा अनुकूल असते, पण तहान तशीच असते. तात्पर्य, युरोपीय सुप्तीत तेल मारणे हितकर असते ज्या कारणांनी, त्याच कारणांच्या अभावी दख्खनी ताणात ते अहितकर ठरते. शब्दकोशात दोन्ही अवस्था एका रकान्यात बसल्या, बागेत त्या परस्परविरुद्ध निघाल्या.

चौथ्या गृहीताची गत याहून वाईट आहे. मोसंबीवरील युटेट्रॅनिकस ओरिएंटॅलिस अंडी घालतो ती पानावर, बहुधा वरच्या बाजूस व मधल्या शिरेच्या लगत. दख्खनमध्ये त्याला हिवाळी विश्रांती नाही. उबदार हवेत पिढीमागून पिढी चालू राहते आणि कोरड्या, धुळीच्या दिवसांत संख्या भराभर वाढते. सालीवर तेल ओतून त्याची पिढी बुडविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट ताणाचा काळ हाच त्याच्या भरभराटीचा काळ. येथे एक फार घातक गोंधळ संभवतो. कोळ्याने शोषलेल्या पानावर फिकट ठिपके पडतात, पान करडे-पिवळे होते आणि गळते. ताण बसला की नाही हे बागाईतदार ज्या खुणेवरून ओळखतो तीही पिवळेपणा व पानगळ हीच. कोळ्याने घडविलेली पानगळ ताणाने घडली असे समजून पाणी सोडले, तर झाडाला पुरेसा ताण न बसताच बहार धरला जातो. पिवळे पान अपुऱ्या तहानेचे की आठ पायांच्या शत्रूचे, हे भिंगाने पाहिल्यावाचून कळत नाही, आणि ताणाच्या दिवसांत पान भिंगाखाली धरण्याची शिफारस फवारणीच्या वेळापत्रकांत क्वचितच असते.

डाळिंबाचे प्रकरण वेगळे आहे. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत आळंदीच्या वाणातून निवडलेला ‘गणेश’ १९३६ चा. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ जातीने राहाता, संगमनेर, राहुरी, पारनेर भागांतील माळरानावर नव्या बागा उभ्या केल्या. डाळिंबाला ताण देऊन नंतर इथेफॉन फवारून जवळजवळ सर्व पाने गाळतात. ‘पानगळ करणे’ हे त्याचे बागेतील नाव. येथे खरोखर उघडे झाड मिळते. तथापि डाळिंबावरील कोळीही मुख्यतः पानावर राहणारा असल्यामुळे पानांबरोबर तोही जमिनीवर जातो. उघड्या फांद्यांवर तेल मारून लाभ होतो तो खवले कीड व पिठ्या ढेकूण यांच्यावर, कोळ्यावर फारसा नव्हे. छाटणीनंतरच्या द्राक्षवेलीवरही हेच लागू आहे. गळलेली पाने वेचून बागेबाहेर नेऊन जाळणे हे काम तेलापेक्षा कोळ्याच्या बाबतीत अधिक उपयोगाचे आहे, पण त्यास कोणतेही भारदस्त नाव नसल्याने ते शिफारशींच्या तळाशी राहते. जाता जाता एक गोष्ट नमूद करावी. गेल्या दोन दशकांत डाळिंब बागांचे सर्वाधिक नुकसान ज्या रोगाने केले त्यास ‘तेल्या’ म्हणतात. त्याचा तेलाशी काही संबंध नाही, तो जिवाणूंचा रोग आहे. फळावरील डाग तेलकट दिसतात एवढेच. पण ‘तेल्या असलेल्या बागेत तेल मारावे काय’ हा प्रश्न विचारला जाणे या नावामुळे अगदी शक्य आहे.

शोभेच्या व रस्त्याकडेच्या झाडांपैकी एकच झाड मूळ अर्थाच्या जवळ येते. देवळांच्या आवारातील देवचाफा थंडीत पाने गाळून उघडाबोडका होतो, आणि तोही याच पौर्वात्य कोळ्याचा आवडता आश्रय आहे. कडुनिंब व पिंपळ यांची पानगळ अल्पकाळची असते. वड व चिंच बहुधा हिरवेच राहतात. त्यांवर चढणारी रस्त्याची धूळ कोळ्याला पोषक ठरते, आणि नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने धुणे हाही उपाय जुन्या पुस्तकांत सांगितलेला आहे. चाफ्यावर हिवाळ्यात तेल मारण्यास झाडाच्या बाजूने कोणतीही हरकत नाही. हरकत एवढीच की त्या वेळी त्यावर मारण्याजोगे कोळी फारसे नसतात.

औषधांच्या इतिहासात तेल मागे पडले आणि पुन्हा पुढे आले, त्याचीही नोंद करणे अवश्य आहे. इंग्लंडमध्ये १९२० नंतर डांबराच्या तेलाची हिवाळी फवारणी सुरू झाली तेव्हा सालीवरील शेवाळ नाहीसे झाले, त्यात राहणारे कोळ्याचे शत्रू मेले, आणि लाल कोळी हा किरकोळ जीव सफरचंदाची मुख्य कीड बनला. महायुद्धानंतर डीडीटीने हाच प्रयोग जगभर मोठ्या प्रमाणावर केला. डीडीटी कोळ्याला मारीत नाही, त्याला खाणाऱ्या भुंग्यांना व परभक्षी कोळ्यांना मारते. या नव्या कोळीप्रश्नावर १९५० नंतरच्या दशकात जे औषध निघाले ते डायकोफॉल. ते डीडीटीपासूनच तयार करतात, म्हणजे ज्या घराण्याने रोग आणला त्याच घराण्यातून वैद्य आला. मराठी शेतकऱ्यांत कोळीनाशक म्हणून ते दीर्घकाळ सर्वपरिचित राहिले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. त्यानंतर गंधक, तेल व निंबोळी अर्क यांकडे लक्ष वळणे क्रमप्राप्त होते. परंतु गंधक व तेल यांचे वैर जुनेच आहे. तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन ते चार आठवड्यांत गंधक वापरल्यास पाने भाजतात. भुरीसाठी गंधक नेहमी हाताशी ठेवणाऱ्या बागाईतदाराला हे पथ्य पाळणे कठीण जाते.

येणेप्रमाणे नगर जिल्ह्यात तेलाचा जो उपयोग शिल्लक राहतो तो सुप्तावस्थेतील नव्हे, तर जागृत झाडावरील होय. शुद्ध व हलक्या तेलाचे सुमारे १ टक्का पायस, झाडाला पाणी दिल्यानंतर, पान टवटवीत असताना, सकाळी लवकर किंवा उन्हे उतरल्यावर, पानाच्या दोन्ही बाजू भिजतील अशा रीतीने, फुलोऱ्याचा व कोवळ्या पालवीचा काळ टाळून फवारावयाचे. उबदार हवेत कोळ्याची पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होत असल्याने एका फवारणीने भागत नाही. आंबे बहारासाठी याचा अर्थ असा की तेल मारावयाचे ते पाणी तोडण्यापूर्वी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बाग निर्धास्तपणे ताणावर सोडता येईल. मृग बहारासाठी मार्चच्या आरंभी, उन्हाळा चढण्याच्या आत. पाश्चात्त्य वेळापत्रकात जी फवारणी निद्रेच्या शेवटी येते ती येथे निद्रेच्या आधी येते. मराठी पुस्तिकांतून ‘सुप्तावस्थेतील’ हे विशेषण काढून ‘ताणापूर्वीची तेलफवारणी’ असे लिहिल्यास शब्द तेवढेच लागतील.